विशेष गरजा असलेल्या मुलाचा खासगी शाळेतला प्रवेश: पालक हमखास विचारतात ते प्रश्न

डिसेंबरात शाळांचे फॉर्म निघाले की आमच्या पालकगटाचे फोन वाजायला लागतात. कुणाच्या मुलाला ऑटिझम असतो, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला नुसतंच "बोलत नाही हो अजून". प्रश्न मात्र घोळून घोळून तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी वकील नाही. स्वतःच्या मुलासाठी शाळांचे उंबरठे झिजवलेली आणि नंतर इतरांबरोबर जात राहिलेली एक आई आहे. नियमांचा तपशील महाराष्ट्रातला आहे. केंद्राचे कायदे गोव्यातही तेच, पण तिथली कार्यालयं आणि बोर्ड वेगळं.

खासगी शाळा आमच्या मुलाला सरळ "नाही" म्हणू शकते का?

अपंगत्वाच्या कारणावरून म्हणू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम १६ शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शाळांबद्दल आहे. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि स्वच्छतागृह मुलाला वापरता येईल असं ठेवायचं, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, हे सगळं त्यात येतं. "आम्ही विनाअनुदानित आहोत, आम्हाला हे लागू नाही" असं ऑफिसात ऐकवतात. अनुदान नसेल, मान्यता तर शासनाचीच आहे ना? मग लागू. अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं, पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अशी सूट नाही.

आता दुसरी बाजूही सांगते. कलम १६ ची भाषा शाळेच्या थेट अंगावर येत नाही. शाळांनी हे करावं यासाठी शासनाने प्रयत्न करायचे, अशी तिची रचना आहे. कायदा मोडल्याबद्दल दंड आहे: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुन्हा मोडला तर ५०,००० ते ५ लाख. ज्या शाळेत एका टर्मची फी त्याहून जास्त असते तिला पहिल्या दंडाची किती धास्ती वाटेल, ते तुम्हीच ठरवा. म्हणून कायदा माहीत असावा, तोंडपाठ असावा, पण पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नये.

शाळा "नाही" म्हणतच नाही. "जागा भरल्या" म्हणते. काय करायचं?

नकार असाच येतो. "जागा भरल्या" हा एक प्रकार. "आम्हाला तुमच्या मुलाला न्याय देता येणार नाही" हा दुसरा, आणि तो इतक्या गोड आवाजात येतो की पालक आभार मानून बाहेर पडतात. "आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर नाही" हा तिसरा. हा तर शाळेने स्वतःच्या कमतरतेचा दिलेला जबाब आहे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजांच्या १० मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. सीबीएसईनेही आपल्या शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक केलेलं आहे.

तोंडी नकाराला काहीच किंमत नाही. लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर मागा. अर्जाचा नमुना शेवटी दिला आहे. लेखी मागितल्यावर निम्म्या ठिकाणी सूर बदलतो, हा आमच्या गटातला अनुभव.

भांडायचं की पुढची शाळा बघायची? घराजवळ दुसरी शाळाच नसेल, भावंडं तिथेच असतील किंवा मूल आधीपासून त्या शाळेत असेल, तर भांडा. चार शाळा हाताशी असतील, तर ज्या मुख्याध्यापकांना आपलं मूल दारातच नको आहे त्यांच्या हाती ते दिवसाचे सहा तास सोपवण्यासाठी मी तरी शक्ती खर्च करणार नाही. तक्रार जरूर करा, पण मूल दुसरीकडे घाला.

निदान आधी सांगावं की प्रवेश झाल्यावर?

आधी. लपवायचा सल्ला देणारे नातेवाईक भरपूर भेटतील, डॉक्टरही भेटतील. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वर्गशिक्षिकेच्या ते लक्षात येतंच. मग चर्चा मुलाची राहत नाही, "तुम्ही माहिती दडवली" याची होते. आणि प्रवेशअर्जाच्या तळाशी "वरील माहिती खरी आहे" या ओळीखाली सही तुमचीच असते.

काय सांगायचं, हे मात्र नीट ठरवा. बारा पानी असेसमेंटचा गठ्ठा पहिल्या दिवशी काउंटरवर देऊ नका. त्यातला बुद्ध्यांकाचा आकडा तेवढा वाचला जातो आणि बाकीचं मूल त्यामागे दिसेनासं होतं. त्याऐवजी एक पान लिहा. आमच्या गटातल्या एका आईने लिहिलेलं पान साधारण असं होतं: "प्रार्थनेच्या वेळी माइकचा आवाज सहन होत नाही, स्पीकरपासून लांब उभा केला तर राहतो. शू लागली की शर्टाचं टोक ओढतो, सांगत नाही. रागावून हात धरला तर चावतो. दोन पावलं मागे सरून नावाने हाक मारली तर येतो. बसगाड्यांचे नंबर पाठ आहेत. डब्यात ओली भाजी चालत नाही." वर निदानाचं नाव, खाली थेरपिस्टचा फोन. हे पान वर्गशिक्षिकेने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बारा पानं कुणी चिकटवत नाही.

सविस्तर अहवाल शाळेतल्या विशेष शिक्षिकेला प्रत्यक्ष भेटून द्या.

मुलाची "इंटरॅक्शन" घेतात. ते कायदेशीर आहे का?

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५०,००० पर्यंत दंड आहे. अडचण एवढीच की या कायद्यातलं "बालक" ६ ते १४ वर्षांचं आहे. त्यामुळे नर्सरी-केजीच्या पातळीवर शाळा पळवाट काढतात, आणि खरी चाळणी तिथेच लागते.

प्रवेश पक्का झाल्यावर मुलाच्या गरजा समजून घ्यायला भेटणं ही वेगळी गोष्ट. ती चांगलीच आहे. आधी प्रवेश, मग भेट, हा क्रम राखायला सांगा.

शाळा बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ओपन हाउसला जाऊ नका, त्या दिवशी शाळा लग्नघरासारखी सजलेली असते. साध्या वारी, मधल्या सुट्टीच्या आधी अर्धा तास जा.

रिसोर्स रूम, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांना वेगळं शिकवायची खोली, बघायला मागा. एका नावाजलेल्या शाळेत आम्ही मागितली, तर किल्ली सापडेना. शिपाईमामा तीन जुडगे घेऊन आले. दार उघडलं तेव्हा आत स्पोर्ट्स डेच्या गाद्या, मागच्या गणपतीची थर्माकोलची कमान आणि भिंतीवर "एव्हरी चाइल्ड इज स्पेशल" असा चकचकीत फलक. टेबलावर बोटभर धूळ. माहितीपत्रकात याच खोलीचा पानभर फोटो होता. उलट, गल्लीतल्या एका साध्या मराठी शाळेत रिसोर्स रूम नव्हतीच. जिन्याखाली सतरंजी टाकून बाई दोन मुलांना मणी ओवायला लावून बेरीज शिकवत होत्या, आणि तिसरं मूल दंगा करून थकलं म्हणून शेजारी झोपलं होतं. मी असते तर ही जिन्याखालची शाळा घेतली असती.

मधल्या सुट्टीत पटांगणाच्या कडेला उभं राहा. एकटी मुलं कुठे आहेत, त्यांच्याजवळ कुणी मोठं माणूस आहे का? स्वच्छतागृहात जा, कडी मुलाच्या हाताला पोचते का, मदतनीस मावशी आहेत का, आणि त्या मुलांशी कशा बोलतात ते ऐका. व्हीलचेअर असेल तर रॅम्प कुठपर्यंत जातो ते स्वतः चालून बघा. बरेच रॅम्प मुख्य दारापर्यंत नेऊन सोडतात, वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट "फक्त स्टाफसाठी". पहिली-दुसरीचा वर्ग तळमजल्यावर आणणं शाळेला फुकटात जमतं. तेही जमत नसेल तर पुढचं काही जमणार नाही.

प्रिन्सिपल मॅडमपेक्षा वर्गशिक्षिकेशी दहा मिनिटं बोलायला मिळालं तर बघा. आणि एक प्रश्न हमखास विचारा: "अशी मुलं याआधी इथे होती ना, ती आता कुठल्या इयत्तेत आहेत?" पहिलीत चार होती आणि पाचवीत एकही नाही, असं निघालं तर उत्तर मिळालं.

विशेष शिक्षिका आहेत म्हणाले तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. हा प्रश्न उद्धट नाही. नोंदणी असलेल्या बाई तो लगेच सांगतात. काउन्सेलर आणि विशेष शिक्षक हे दोन वेगळे पेशे आहेत; एकाच व्यक्तीच्या पाटीवर दोन्ही लिहिलेलं असेल तर जरा खोदून विचारा.

"शॅडो टीचर आणत असाल तरच प्रवेश" असं सांगितलंय. खर्च आम्हीच करायचा का?

शॅडो म्हणजे वर्गात एकाच मुलाजवळ बसून त्याला मदत करणारी बाई. ती पालकांनीच आणावी, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. गरजेप्रमाणे सोय करणं ही २०१६ च्या कायद्याप्रमाणे शाळेची बाजू आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक खासगी शाळा पालकांनाच शॅडो आणायला लावतात आणि पगारही पालकच देतात. शहरात तो शाळेच्या फीएवढा, कधी फीच्या वर जातो. परवडणारे देतात, आणि मग शाळेला तोच नियम वाटायला लागतो.

आधी विचारा, पूर्ण दिवस शॅडो खरंच लागते का? बऱ्याच मुलांना सुरुवातीचे दोन-तीन महिने, किंवा फक्त लेखनाच्या तासाला आणि डब्याच्या वेळी मदत पुरते. थेरपिस्टकडून हे लिहून घ्या. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं असली की शिक्षिकेला मुलाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकायला आवडतं. तिलाही दोष देववत नाही. पण सहा महिन्यांत शॅडो आणि मूल मिळून वर्गाच्या कोपऱ्यात वेगळी शाळा चालवायला लागतात. मूल "वर्गात" असतं, वर्गाचं नसतं.

शॅडो ठेवायचीच असेल तर चार गोष्टी लेखी ठरवा. ती आली नाही त्या दिवशी मूल शाळेत येणार की नाही ("घरी ठेवा" हे ठरलेलं उत्तर असतं, ते मान्य करू नका). ती कुणाच्या सूचना ऐकणार, वर्गशिक्षिकेच्या की तुमच्या. पोलिस पडताळणी कोण करणार. आणि तिची मदत कमी करत आणायचा आढावा कधी घ्यायचा.

आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळतो का? आमचं उत्पन्न जास्त आहे.

मिळतो, आणि हे कित्येकांना माहीतच नसतं. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश "वंचित गटा"त झाला. वंचित गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. एक लाखाची मर्यादा आर्थिक दुर्बल घटकासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. लागतो तो ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा.

अर्ज ऑनलाइन. दहापर्यंत शाळा निवडता येतात, घरापासूनच्या अंतरावर प्राधान्य ठरतं, मग लॉटरी. नकाशावर घराचा फुगा टाकताना घाई करू नका. तिथे चुकलेलं अंतर पडताळणी समितीपुढे महागात पडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली, त्यामुळे खासगी शाळा पुन्हा यादीत आहेत.

दोन गोष्टी मनात ठेवा. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच, नववीला फी सुरू होते. आणि वयाची वरची मर्यादा असते, पहिलीसाठी साधारण साडेसात वर्षं. त्याचा संबंध पुढच्याच प्रश्नाशी आहे.

शाळा म्हणते अजून एक वर्ष सीनियर केजीत ठेवा. ठेवू का?

कधीकधी त्याने फायदा होतो. बोलणं नुकतंच सुरू झालंय, शूचं सांगायला लागलाय, अशा मुलाला एक वर्ष मिळालं तर पहिली सोपी जाते. पण हा निर्णय थेरपिस्टशी बोलून तुम्ही घ्यायचा, शाळेने पुढच्या वर्षाची डोकेदुखी टाळण्यासाठी नाही. एक वर्ष थांबल्याने आरटीईच्या वयाबाहेर जात नाही ना, हे आधी मोजा. दोन वर्षं मात्र थांबवू नका. आपल्याहून डोक्याने उंच मूल केजीच्या बाकावर बसलेलं बाकीच्या मुलांनाही कळतं.

दिव्यांगत्वाचा दाखला काढायलाच हवा का? शिक्का बसेल असं घरचे म्हणतात.

शिक्का वर्गात बसायचा तो दाखल्याशिवायही बसतोच. "मस्तीखोर", "ढ", "लाडावलेला" हे शिक्केच आहेत. दाखल्याने निदान सवलती तरी मिळतात.

केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सिव्हिल हॉस्पिटल किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. लहान मुलांना बहुधा मुदतीचा दाखला मिळतो, पुन्हा तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ४० टक्क्यांच्या खाली आकडा आला तर २०१६ च्या कायद्यातल्या राखीव जागांसारखे लाभ मिळत नाहीत, पण भेदभाव करू नये हे संरक्षण तिथेही आहेच.

अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिस्कॅल्क्युलियाचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी यासाठी वेगळं क्लिनिक आहे. गर्दी असते, म्हणून नववीपर्यंत थांबू नका. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आल्यावर धावाधाव करणारे पालक आम्हाला दरवर्षी भेटतात.

मुलाला एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) आहे. त्याचा दाखला?

२०१६ च्या कायद्याच्या यादीत २१ दिव्यांगत्वं आहेत, त्यात एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. सोबत अध्ययन अक्षमता असेल, आणि ती बऱ्याचदा असते, तर त्या नावाने दाखला मिळू शकतो. नसेल तर तज्ज्ञांच्या पत्रावर शाळेशी बोलूनच सोयी मिळवाव्या लागतात: पुढचा बाक, दर वीस मिनिटांनी फळा पुसायला किंवा वही ऑफिसात न्यायला उठवणं, परीक्षेला शांत खोली.

माध्यम आणि बोर्ड कुठलं घ्यावं?

माध्यमाबद्दल माझं मत ठाम आहे: घरी जी भाषा बोलता ती शाळेत मिळत असेल तर निम्मं ओझं उतरतं. बोलायला उशीर झालेल्या मुलाशी "आता घरी फक्त इंग्लिशच बोला" असा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबतं, असं सिद्ध झालेलं नाही. आजीशी मराठीतून तुटलेलं मूल इंग्लिशमध्येही फारसं काही बोलत नाही, हे आम्ही पाहिलंय. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला इंग्रजी शाळेत एकाच वेळी रोमन आणि देवनागरी अशा दोन लिप्यांशी झुंजावं लागतं, तेही विचारात घ्या.

बोर्डापेक्षा शाळा मोठी. तरी थोडक्यात: राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई तिन्हींकडे जादा वेळ, लेखनिक, विषयांत सूट अशा सवलती आहेत. राज्य मंडळ आणि सीबीएसईकडे तासाला २० मिनिटं जादा मिळतात. सीबीएसईत दोनऐवजी एकच भाषा घेऊन पाच विषय पुरे करता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक विषय करत देता येते, आणि ती इतर बोर्डांच्या तोडीची मानली जाते.

एनआयओएस चांगलाच मार्ग आहे, पण तो कोण निवडतंय ते बघा. आठवी-नववीत शाळा एकदम "याला ओपनमधून बसवा" म्हणायला लागली, तर प्रश्न बहुधा शंभर टक्के निकालाच्या फलकाचा असतो.

सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा?

मुलाला रोज काय शिकायला मिळतं आणि ते किती आनंदात जातं, एवढ्यावर ठरवा. इज्जतीचा प्रश्न करू नका, दोन्ही बाजूंनी. शिवडीची जय वकील शाळा १९४४ पासून बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी काम करते. अशा ठिकाणी जे हातखंडा शिकवणं मिळतं ते महागड्या "इन्क्लुझिव्ह" शाळेत मिळेलच असं नाही. दुसरीकडे, शेजारच्या मुलांबरोबर डबा खात, भांडत वाढण्याला पर्याय नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला लवकर विशेष शाळेत भाषा आणि मग सर्वसाधारण शाळा, असा क्रम काही घरांनी यशस्वी केलाय. आज घेतलेला निर्णय पाचवीला बदलता येतो.

विशेष शाळेची दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे नोंदणी आहे ना, ते मात्र बघा. फ्लॅटमध्ये चाललेली "सेंटर्स" पुष्कळ आहेत.

रिसोर्स रूमसाठी वेगळी फी मागतात.

पावती मागा. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जाऊन ठरते. "ही फी कुठल्या शीर्षाखाली, समितीने कधी मान्य केली?" हा प्रश्न ईमेलने विचारा. रोख आणि विनापावती काहीही देऊ नका.

खर्चाला कुठून हातभार?

नॅशनल ट्रस्टची निरामय योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा देते, त्यात थेरपीचाही काही खर्च निघतो. आयकरात जुनी पद्धत निवडली तर ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्वाला १,२५,००० ची वजावट आहे.

बाकीचे पालक तक्रार करतात की आमच्या मुलामुळे वर्ग बिघडतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तर देऊ नका. वर्गशिक्षिकेला सांगा की पालकसभेत पाच मिनिटं द्या, मी बोलते. समोर बसलेल्या आईशी माणसं वेगळी वागतात. मारणं-चावणं होत असेल तर ते कधी, कुठे, कशाच्या आधी होतं, याची वही शाळेला ठेवायला सांगा. कारण बहुतेक वेळा ठरलेलं निघतं.

वर्षाच्या मध्यात "दाखला काढून न्या" म्हणतात.

काढू नका. आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे. म्हणूनच शाळा काढत नाही, तुमच्याकडून अर्ज लिहून घेते. "पालकांच्या विनंतीवरून" असं एकदा एलसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आलं की पुढची तक्रार लंगडी पडते. कोऱ्या किंवा तयार छापील अर्जावर सही करू नका. बैठकीला एकटं जाऊ नका. घरी आल्यावर काय काय बोलणं झालं ते त्याच रात्री शाळेला ईमेल करा.

आम्ही अमेरिकेतून परत येतोय. तिथला आयईपी (एकेका मुलापुरता आखलेला शिक्षणाचा आराखडा) इथे चालेल का?

माहिती म्हणून उत्तम, हक्क म्हणून नाही. तिकडे आयईपीला कायद्याचं बळ आहे. इथे शाळा "आयईपी करतो" म्हणतात, तो शाळेचा अंतर्गत कागद असतो. तिथले अहवाल, व्हिडिओ, शिक्षिकेचं पत्र सगळं आणा, पण दिव्यांगत्वाचा दाखला इथल्याच रुग्णालयातून काढावा लागतो. भारतीय नागरिकत्व नसलेल्या मुलाला यूडीआयडी मिळत नाही, हे तिकिटं काढण्याआधी लक्षात घ्या.

तक्रार कुठे करायची?

गावात पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, वर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, मुंबईत विभागाचे शिक्षण निरीक्षक. शाळा सीबीएसईची असेल तर प्रत बोर्डालाही. भेदभावाची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे आणि महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे करता येते. एकाच वेळी सगळीकडे पाठवली की टोलवाटोलवी होते. आधी शाळा, मग शिक्षणाधिकारी, मग आयुक्त, असं आधीच्या अर्जाची पोच जोडत जा.

अर्ज कसा लिहायचा?

वकिली भाषा नको. एवढं पुरतं:

"प्रति, मुख्याध्यापक. विषय: इयत्ता पहिलीच्या प्रवेशाबाबत. महोदय/महोदया, माझ्या मुलीच्या प्रवेशासाठी मी अमुक तारखेला शाळेत आले होते. तिला सेरेब्रल पाल्सी असून दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तिला तळमजल्यावरचा वर्ग आणि लेखनासाठी जादा वेळ लागेल. प्रवेश देता येणार नाही असे मला तोंडी सांगण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ व १६ नुसार तिला प्रवेश द्यावा. देता येत नसल्यास त्याचे कारण पंधरा दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती."

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "मॅडम नाहीत, उद्या या" म्हणाले तर वाद न घालता जवळच्या पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.